सरनाईकसाहेबांची बावीस फेब्रुवारी

सरनाईकसाहेब चहा उभ्यानं प्यायचे. आमच्याकडे आले आणि बायकोनं खुर्ची पुढं केली, की "असू दे की, मी काय बसायला आलोय होय?" म्हणायचे आणि कपबशी हातात घेऊन हॉलभर फिरायचे. फिरता फिरता भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. ते सरळच असायचं, पण त्यांच्या मते दोन मिलिमीटर डावीकडं कललेलं असायचं. पंधराव्या मिनिटाला "चला, निघतो" म्हणून दाराबाहेर. वहिनींचा चहा तेव्हा अर्धाही झालेला नसायचा. त्या उठायच्या नाहीत. "लिफ्टनं खाली जातील, एक चक्कर मारतील, परत येतील," म्हणायच्या, आणि ते खरंच परत येत.

मी शारजात नोकरीला लागलो तेव्हा सरनाईकसाहेब आमच्या कंपनीत चीफ सर्व्हेयर होते. कंपनी धक्के, जेट्टी, बंदराची कामं करणारी. मी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे दिवसभर कागदावर तारखा पुढं ढकलणारा. ते उन्हात तिपाईवर थिओडोलाइट लावून एक डोळा मिटणारे. मूळचे कोल्हापूरचे, तेही अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर वाढलेले. मला ते पहिल्या दिवसापासून 'इंजिनेर' म्हणत. नावानं हाक त्यांनी मला दहा वर्षांत एकदाही मारली नाही. अल मजाजमध्ये, खाडीच्या कडेला आमच्या दोघांच्या इमारती जवळजवळ होत्या. जवळजवळ म्हणायचं, कारण माझी इमारत तीच राहिली, त्यांची बदलत राहिली.

त्याचं असं झालं. सरनाईकसाहेब फ्लॅट बघायला गेले की नळाला पाणी येतं का, एसी जुना आहे का, हे बघत नसत. होकायंत्र काढत. बाल्कनी पूर्वेला हवी आणि देवघर असं बसायला हवं, की वर्षातून एकदा तरी सकाळचं ऊन सरळ देवीच्या फोटोवर यावं. कागदावर आकडेमोड करून तारीख काढायचे आणि त्या दिवशी वहिनींना, मला, माझ्या बायकोला समोर उभं करायचे. समोर म्हणजे बाजूला! उन्हाच्या वाटेत कुणी आलेलं खपायचं नाही. पहिल्या फ्लॅटमध्ये हे दोन वर्षं जमलं. मग समोर टॉवर उठला. अल मजाजमध्ये त्या काळात टॉवर असे उठायचे, की सुट्टीवरून परत आलं की आपलीच गल्ली ओळखू येत नसे. टॉवर चौथ्या मजल्यावर पोचला आणि सरनाईकसाहेबांनी घर बदललं. दुसऱ्या घरी एक वर्ष. तिसऱ्या घरी तर सामान लागायच्या आत समोरच्या मैदानात पत्रे ठोकलेले दिसले.

"इंजिनेर, हे बांधणार काय आहेत?" त्यांनी मला विचारलं.

"टॉवरच बांधणार, दुसरं काय."

"किती मजली?"

"मला काय माहीत?"

"प्लॅनिंगमध्ये आहात ना तुम्ही?" असं म्हणून ते माझ्यावरच चिडले. चौथं घर त्यांनी घेतलं, तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माझे कुकर, पातेली खोक्यातच आहेत आता. मी काढतच नाही."

मला त्या काळात त्यांचा राग यायचा, हे खरं सांगतो. माणसानं किती भुणभुण लावावी! पण त्यांच्याबरोबर देवघरासमोर भिंतीला चिकटून उभं राहिलो होतो, तो एक दिवस मला अजून आठवतो. ऊन फोटोच्या चौकटीवर आलं, तेव्हा हा माणूस नुसता बघत होता. पाय हलत नव्हता, हात हलत नव्हता. चारपाच मिनिटं असतील. ऊन सरकलं आणि हे परत सुरू झाले.

कोल्हापूरच्या किरणोत्सवाबद्दल त्यांनीच मला सांगितलं. वर्षातून दोनदा मावळतीची किरणं देवळाच्या दारातून आत शिरतात आणि थेट देवीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. "त्या वेळी देवळात केवढी गर्दी असते! पण मधे कोण येत नाही बघा. आपोआप दोन्ही बाजूला होतात. म्हातारीकोतारीसुद्धा सरकून बसतात. किरणांच्या वाटेत यायचं नाही, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं."

आता या गोष्टीत इजिप्तही येतं. ते कुठून आलं, ते सांगतो. आमचं काम तेव्हा खोर फक्कानला चाललं होतं. शारजाहून डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर. तिथल्या साइटवर मगदी नावाचा इजिप्शियन इंजिनियर होता. गोल, हसरा, चहात चार चमचे साखर घालणारा. त्याचं आणि सरनाईकसाहेबांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज दुपारी दोघं एकाच केबिनमध्ये जेवायचे. एकदा सरनाईकसाहेब उभ्यानं भाकरी खाता खाता त्याला किरणोत्सवाचं सांगत होते. हिंदी, इंग्रजी आणि साइटवरची अरबी, सगळ्याची मिसळ करून.

मगदीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हबीबी, हे आमच्याकडे पण आहे. अबू सिम्बेल. डोंगराच्या पोटात कोरलेलं मंदिर. साठ मीटर आत देव बसलेत. ट्वाइस अ इयर, सूर्य उगवला की सरळ आत. फेब्रुवारी आणि ऑक्टोबर."

"त्यात काय!" सरनाईकसाहेब म्हणाले. "आमच्याकडं तीन दिवस येतो. तुमच्याकडं किती?"

"वन डे."

"बघा!"

मगदीनं चहाचा घोट घेतला. "पण आमचं मंदिर हलवलेलं आहे. धरण झालं, पाणी वर यायला लागलं. मग सगळं मंदिर करवतीनं कापलं, एकेक तुकडा उचलून वर नेला, आणि परत जोडलं. देवांसकट. अँड स्टिल द सन कम्स. पूर्वी एकवीसला यायचा, आता बावीसला येतो. खलास."

सरनाईकसाहेबांचं चावणं थांबलं. "फक्त एक दिवस इकडंतिकडं?"

"वन डे."

"हू वॉज द सर्व्हेयर?"

"मला काय ठाऊक!" मगदी हसायला लागला. "फेरोला विचार."

सरनाईकसाहेब हसले नाहीत. त्या दिवशी खोर फक्कानहून येताना गाडीत दीड तास एकच विषय. "अख्खा डोंगर उचलला, इंजिनेर! आणि एका दिवसाची चूक! आपल्या पोरांना एक मॅनहोल जागेवर बसवता येत नाही. कोण असंल हो तो? कुठं उभा राहिला असंल तिपाई लावून?" मधेच गाडी बाजूला घ्यायला लावून ते खाली उतरले आणि डोंगराकडे बघत उभे राहिले. "मी जाणार," म्हणाले. "बावीस फेब्रुवारीला मी तिथं आत असणार."

बोलायला सोपं होतं. पण आखातातला मराठी माणूस सुट्टीत एकाच दिशेला जातो. जून-जुलैत, पोरांच्या शाळा बंद झाल्या की, बॅगा वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा ठेवून, घरी. फेब्रुवारीत रजा मागणं म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, असंच ऑफिसात धरलं जायचं. आणि त्या सुट्टीतून इजिप्तला? "तिथं आपलं कोण आहे?" असं वहिनींच्या भावानं फोनवर विचारलं होतं म्हणे.

पहिल्या वर्षी त्यांच्या मुलीची बारावी निघाली. फेब्रुवारी म्हणजे बारावीच्या तोंडावर, आणि बाप देव बघायला निघालाय, तेही परक्याचे. वहिनींनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे, प्रश्न मिटला. पुढं एकदा सगळं ठरलं होतं, तर इजिप्तमध्ये पर्यटकांवर गोळीबार झाल्याची बातमी आली आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांनी फोन करकरून त्यांना हैराण केलं. ते एकटे जायला निघाले होते. वहिनींनी पासपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवला.

तिसऱ्या वेळचं मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सन दोन हजार. तिकीट हातात, रजा मंजूर, बॅग भरलेली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी हे सहज म्हणून मला घेऊन खोर फक्कानला गेले. सहज! या माणसाला निवांत घरी राहवेल तर शपथ. तिथं ज्युनियर सर्व्हेयरनं धक्क्याची लेव्हल घेतली होती. हे नुसतं बघून म्हणाले, "चुकलंय." यंत्र लावलं. चाळीस मिलिमीटर चूक. दोन दिवसांनी तिथं काँक्रीट ओतायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, मगदी बघून घेईल. तुम्ही जा. मी बॉसशी बोलतो."

"मगदी काय बघणार? सगळे बेंचमार्क परत तपासायला लागणार. चार दिवस तरी पाहिजेत."

"मग तो ज्युनियर तपासेल."

"ज्यानं चूक केली, तोच तपासणार?" ते माझ्यावर ओरडले. मग लगेच हळू आवाजात म्हणाले, "इंजिनेर, मी तिथं जाऊन त्या सर्व्हेयरचं काम बघणार, आणि हितं माझं काम वाकडं ठेवून? तोंड कसं दाखवू मी तिथं?"

कुणाला तोंड दाखवायचं होतं, देव जाणे. तिकीट गेलं. त्या चार दिवसांत मी त्यांना जेवताना एकदाच पाहिलं, तेही चालता चालता.

मग आलं दोन हजार दोन. त्या वर्षीच्या जूनमध्ये सरनाईकसाहेब साठ पूर्ण करणार होते आणि आमच्या कंपनीत साठ म्हणजे साठ. व्हिसा पुढं होत नसे. गाशा गुंडाळायचा आणि घरी. म्हणजे उरला तो एकच फेब्रुवारी. "इथनं तीनचार तासांचं विमान आहे," ते म्हणायचे. "एकदा कोल्हापुरात जाऊन बसलो की कुठलं इजिप्त! हिचे गुडघे, तिकडचं घर, पोरीचं बाळंतपण. आता नाही तर कधीच नाही." हे त्यांनी डिसेंबरपासून मला इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी मीच म्हणालो, "मी पण येतो. तुम्हाला विमानात बसवूनच दम घेतो." माझ्या बायकोनं मुलीच्या परीक्षेसाठी थांबायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर गोइंग टू सी सनलाइट? वी हॅव सो मच सनलाइट हिअर!" तिचंही बरोबरच होतं.

या माणसाबरोबर पर्यटन करणं ही शिक्षा आहे. कैरोत पिरॅमिडसमोर उभे राहिले, तर पाच मिनिटांत म्हणाले, "त्रिकोण आहे. कळलं. चला." म्युझियममध्ये वहिनी एकेक पेटी बघत होत्या, हे दोन वेळा बाहेर जाऊन आले. नाईलच्या होडीत बसवलं तर होडीभर येरझाऱ्या. होडीवाला घाबरला. "बसा हो!" वहिनी ओरडल्या. "बुडवाल सगळ्यांना!" ते बसले, आणि गुडघा हलवत राहिले. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. काहीतरी होईल, कुणीतरी फोन करेल, कुठंतरी चाळीस मिलिमीटर निघतील. बावीस तारखेपर्यंतचा प्रत्येक दिवस त्यांना नुसता ढकलायचा होता.

एकवीस तारखेला दुपारी आम्ही अबू सिम्बेलला पोचलो आणि तडक मंदिरावर गेलो. दाराशी राजाचे चार पुतळे बसलेले, एवढे मोठे की त्यांच्या पायाच्या अंगठ्याशी उभं राहिलं तरी मान दुखावी. माझ्या तोंडातून "अबब!" एवढंच निघालं. सरनाईकसाहेबांनी वर बघितलंच नाही. ते खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांचं बघून वहिनींनी बूट काढले. आणि त्या दोघांचं बघून, काय सांगू, मीही काढले. तिघं मोजे घालून देवळात शिरायला निघालो.

दारावरचा पहारेकरी धावत आला. उंच, काळासावळा, पांढरा फेटा. "ला, ला! शूज ओके! नो प्रॉब्लेम!"

"मंदिर है ना?" सरनाईकसाहेब म्हणाले. "टेम्पल?"

"टेम्पल, येस. शूज ओके."

"नो, नो. टेम्पल तो शूज नॉट ओके." असं त्याच्याच देवळाबद्दल त्याला समजावून हे आत गेले. पहारेकऱ्यानं कपाळाला हात लावला आणि आमचे बूट उचलून आपल्या स्टुलाखाली ठेवून दिले.

आत सरनाईकसाहेब पावलं मोजत गेले. मोठं दालन, मग लहान, मग आणखी लहान, आणि शेवटी एक खोली. खोलीत मागच्या भिंतीला टेकून दगडाचे चार जण शेजारी शेजारी बसलेले. झिजलेले, नाकडोळे पुसट. मगदीनं सांगितलं होतं, की सूर्य तिघांवर येतो, पण सगळ्यांत डावीकडचा जो आहे, तो पाताळातला देव. त्याच्यावर येत नाही. सरनाईकसाहेबांनी होकायंत्र काढलं, दाराकडं बघितलं, परत देवांकडं. मग खोलीच्या बाहेरच्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "हितं उभं राहायचं. दिसतंय पण सगळं आणि आपण वाटेत पण नाही. तू हितं, इंजिनेर तिथं. मी मधे." त्यांनी आमच्या दोघांच्या जागा पावलं मोजून ठरवून दिल्या. अगदी खूश होते. त्या दिवशी संध्याकाळी जेवताना ते खुर्चीवर जवळजवळ वीस मिनिटं बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रांगेत होतो. बाहेर ढोलताशे, नाचणारी माणसं, जत्राच. कुठकुठल्या देशांची माणसं आली होती. सरनाईकसाहेबांच्या घाईमुळं आमचा नंबर बराच पुढं होता. दार उघडलं आणि आम्ही आत, ठरलेल्या जागी, भिंतीला पाठ लावून. मोजे घालून. फोटो काढायला मनाई होती, म्हणून माझा कॅमेरा पिशवीतच होता. वहिनींनी हात जोडले होते. आमच्यामागून लोक येत राहिले. दालनं भरली. लोक मधेच उभे, दाटीवाटीनं, पाठीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या.

आणि सूर्य उगवला. ते कळलं, कारण दाराकडच्या लोकांची डोकी एकदम तांबूस दिसायला लागली. ओरडाआरडा झाला. पण आत काहीच आलं नाही. खोली तशीच काळोखी. ऊन दारातून शिरत होतं आणि माणसांच्या पाठींवर अडत होतं.

सरनाईकसाहेबांनी दाराकडं मान वळवली. "आयला," ते म्हणाले, "सगळी वाटेत उभी आहेत!"

"तुम्ही थांबा इथंच," वहिनी म्हणाल्या. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांना माहीत, पण त्यांनी साहेबांचा शर्ट धरला.

"अगं, कुणाला कळत कसं नाही? बाजूला होत कसं नाहीत?"

शर्ट सुटला. हा माणूस गर्दीत उलटा घुसला, दाराच्या दिशेनं. आम्हाला तो दिसेनासा झाला, पण आवाज येत होता. साठीला टेकलेल्या माणसाचा तो साइटवरचा आवाज, जो समुद्राच्या वाऱ्यातही पन्नास मीटरवर जायचा. "साइड! साइड! यल्ला, साइड! भाई, दीवार को चिपको! मॅडम, सिट! सिट डाऊन! सूरज को रास्ता दो! यल्ला, हबीबी, बाजूला व्हा!" कुणीतरी इंग्रजीत चिडून काही बोललं. कुणी हसलं. पहारेकऱ्याचा आवाज आला, मला वाटलं आता हाकलतात यांना. पण तो पहारेकरीही तेच ओरडायला लागला, अरबीत. आणि माणसं हलायला लागली. आधी दोघं-तिघं, मग धडाधड. काही भिंतीला चिकटली, काही खाली बसली. उंच टोपीवाल्यानं टोपी काढली.

मग ते आलं. जमिनीवरून एक पट्टी आत आली, आमच्या पायांजवळून गेली, खोलीत शिरली आणि देवांच्या अंगावर चढली. तो दगड कालचा दगड नव्हता. मी काही फार देवभोळा नाही, पण मला रडू फुटलं. वहिनी पुटपुटत होत्या, "बघा, बघा हो," आणि शेजारी त्यांचा हात रिकाम्या जागेवर चाचपत होता.

मी वाकून दाराकडं बघितलं. त्या लांबलचक वाटेच्या टोकाला, उजेडाच्या कडेला, सरनाईकसाहेब उभे होते. दोन्ही हात पसरून, बाहेरून येणाऱ्या लोंढ्याला थोपवून धरत. तोंड बाहेर, पाठ देवाकडं. "साहेब, इकडं बघा!" मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असेल. मागं वळावं तर हात सोडायला लागला असता, आणि हात सोडला असता तर वाट बुजली असती.

वीस मिनिटं, फार तर. मग पट्टी सरकली, फिकी झाली, गेली. शिपाई "यल्ला, यल्ला" करत सगळ्यांना बाहेर काढायला लागले. तेव्हा तो फेटेवाला पहारेकरी सरनाईकसाहेबांचा हात धरून त्यांना आत घेऊन आला. खोलीत काळोख होता. ते त्या चौघांसमोर उभे राहिले, जरा वेळ बघितलं, आणि बाहेर आले.

बाहेर वहिनींचा बांध फुटला. "कशाला आलात इथं? ट्रॅफिक पोलीस व्हायला? आठ वर्षं डोकं खाल्लंत माझं! आठ वर्षं! आणि ऐन वेळी..." त्या रडतही होत्या आणि त्यांच्या दंडावर मारतही होत्या. लोक बघत होते.

"चुकलंच माझं," सरनाईकसाहेब म्हणाले. चेहरा उतरला होता. "पण राहवलं नाही गं. मधे उभी होती सगळी. तुला दिसलं ना?"

"दिसलं. अहो, असं पायांपासून..."

"थांब!" त्यांनी हात वर केला. "सांगू नकोस. ऑक्टोबरात परत येतोय तो. मी स्वतः बघणार आहे. इंजिनेर, तुम्ही पण गप बसायचं. एक अक्षर नाही."

आम्ही गप बसलो. परतीच्या विमानात, शारजात, ऑफिसात, कुठं विषय निघाला की त्यांचा हात वर. त्यांच्या मुलीनं फोनवर वहिनींना विचारलं, तर हे उठून बाल्कनीत गेले. मगदीनं विचारलं, "सन आला?" तर म्हणाले, "आला. मी बघितला नाही. ऑक्टोबर."

ऑक्टोबरसाठी व्हिसा पाहिजे होता. चार महिन्यांची मुदतवाढ, एवढंच. त्यांनी अर्ज केला. मी बॉसकडं शब्द टाकला, मगदीनं टाकला. व्हिसाचं काम बघणारा कंपनीचा माणूस रोज म्हणायचा, "इन्शाल्ला." आखातात राहिलेल्याला हे सांगायला नको, की त्या शब्दाचा अर्थ म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून काढावा लागतो. मे संपेपर्यंत तो माणूस त्यांच्याकडं बघून बोलायचा. जून लागला आणि तो कागदांकडं बघून बोलायला लागला. दहा दिवसांनी पासपोर्ट हातात आला. व्हिसा रद्द केल्याचा शिक्का मारलेला.

त्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडं आले. चहा घेतला, हॉलभर फिरले. "पुढच्या वर्षी कोल्हापूरहूनच जातो थेट," म्हणाले. आम्ही "हो, हो, का नाही" म्हणालो. ते होणार नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

विमान दुपारचं होतं. मी दोघांना शारजा विमानतळावर सोडायला गेलो. खोकी, बॅगा, दोऱ्यांनी बांधलेलं यंत्राचं जुनं लाकडी खोकं. सरनाईकसाहेबांनी माझा हात जोरात दाबला, "बरं इंजिनेर, येतो," म्हणाले आणि वळून चालायला लागले. त्यांच्या भाषेत हा फार मोठा निरोप होता. आत फक्त प्रवाशांनाच सोडत. मी काचेच्या बाहेर थांबलो.

पासपोर्टच्या रांगेत ते दोघं उभे होते. रांग लांब होती, आणि मला वाटलं, हे आता चुळबुळ सुरू करणार. तेवढ्यात ते वहिनींकडं वळले आणि काहीतरी विचारलं. दोनतीन शब्दच असतील. काचेतून मला काही ऐकू आलं नाही. वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं, हातातली पिशवी खाली ठेवली. मग वाकल्या, गुडघे दुखत असताना, आणि तळहात उघडा करून त्यांच्या पावलांपासून वर न्यायला लागल्या. गुडघे, पोट, छाती. खांद्याशी थांबल्या, आणि तळहात त्यांच्या गालावर ठेवला. मग डावीकडं बोट करून मान हलवली, तिथं नाही आलं म्हणून. ते ऐकत होते. रांग पुढं सरकली होती. मागची माणसं त्यांना वळसा घालून जात होती, आणि सरनाईकसाहेब जागचे हलले नाहीत.